ताप उतरला आणि अस्वस्थता वाढली : डेंग्यूसाठी दाखल झालेल्या ऑटिस्टिक तरुणाचं एक प्रकरण

डेंग्यूच्या रुग्णात धोक्याच्या ठरलेल्या खुणा असतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोटात-छातीत पाणी, यकृत वाढणं, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा; रक्त दाटलं की वाढतो) चढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणं. आणि आणखी एक : अस्वस्थता किंवा सुस्ती. रुग्ण ऑटिस्टिक असला की ही शेवटची खूण हमखास वाया जाते, कारण वॉर्डात तो अस्वस्थ असणारच असं सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. पोटदुखी तर तो शब्दांत सांगेलच याचा भरवसा नाही. म्हणजे यादीतल्या दोन खुणा कोणी पाहण्याआधीच हातातून गेलेल्या असतात.

पुढचं प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. शहरातल्या पन्नास-साठ खाटांच्या खासगी रुग्णालयांत पावसाळ्यात जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका रुग्णाभोवती बांधलं आहे. ठिकाण पुणे धरलं आहे, महिना सप्टेंबर. आकडे अशा रुग्णात दिसतात तसेच घेतले आहेत.

रुग्ण आणि घरचे चार दिवस

वय २३, वजन ६० किलो. ऑटिझमचं निदान लहानपणीच झालेलं. घरात दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. ताण आला की बोलणं पूर्ण थांबतं आणि तो मोबाइलवर उजव्या अंगठ्याने टाइप करून सांगतो. फिट येत नाहीत. रात्री रिस्पेरिडोन हे बेचैनी-चिडचिड कमी करणारं मानसोपचारातलं औषध १ मिलिग्रॅम चालू आहे. बेचैन झाला की एकाच सुरात गुणगुणतो आणि पुढे-मागे डोलतो. घरी आई, वडील आणि थोरली बहीण.

ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह आली. घरच्या डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलं आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घरात असलं तरी द्यायचं नाही असं बजावलं. पाणी भरपूर पाजा म्हणाले. इथेच पहिली गळती झाली. या तरुणाला तहान वेळेवर जाणवत नाही. शरीराच्या आतून येणारे इशारे अनेक ऑटिस्टिक माणसांना उशिरा किंवा अस्पष्ट कळतात. एरवी तो पाणी पितो ते वेळापत्रकाने : नाश्त्यानंतर एक बाटली, जेवणानंतर एक, संध्याकाळी फिरून आल्यावर एक. तापात नाश्ता गेला, फिरणं गेलं, आणि त्यांच्यासोबत पाणीही गेलं. दिवसाला दोन-अडीच लिटर लागत असताना पोटात लिटरभरही जात नव्हतं. कोणी मोजलं नाही, कारण तो मागत नव्हता आणि तक्रारही करत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी थर्मामीटर ९८.२ दाखवत होता. घरात सुटकेचा श्वास. पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच कसोटीचा काळ सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरता उतरता, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. हे २४ ते ४८ तास चालतं. दुपारपर्यंत तीन उलट्या झाल्या. रक्तात प्लेटलेट ६२ हजार, हिमॅटोक्रिट ४७. आदल्या वर्षीच्या तपासणीचा कागद बहिणीने शोधून काढला, त्यात हिमॅटोक्रिट ४१ होतं. तो जुना कागद फार मोलाचा ठरला. नुसत्या ४७ वरून काहीच कळत नाही, पुरुषात तो आकडा नॉर्मलमध्येही बसतो. ४१ वरून ४७, म्हणजे जवळपास १५ टक्के वाढ, हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं.

कॅज्युअल्टी

दुपारी दोनची वेळ. दोन स्ट्रेचर, एक रडणारं बाळ, चोक खराब झालेली लुकलुकती ट्यूब, फिनेलचा वास. नावनोंदणीच्या खिडकीवर वडील, फाइल आणायला आई, आणि तो खाटेवर एकटा. सिस्टरने 'हात द्या' म्हटलं, त्याने दिला नाही. पुन्हा म्हटलं, मग वॉर्डबॉयला हाक गेली. पाच मिनिटांत चार जणांनी हातपाय धरले होते. दोन प्रयत्न फसले, तिसऱ्या वेळी सुई बसली ती उजव्या मनगटाजवळ.

हा उजवा हात म्हणजे त्याचा आवाज होता. त्या हातात इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवलेली नळी), वर पट्टी, पट्टीला लाकडी फळी. आता त्याला टाइप करता येईना. दुखतंय, घाबरलोय, बाथरूमला जायचंय, यातलं काहीच सांगता येईना. सहाच्या सुमारास त्याने सलाईन उपटून काढलं. प्लेटलेट कमी असल्यामुळे रक्त लवकर थांबलं नाही, चादर भिजली, मनगटावर अंड्याएवढी गाठ आली. पुन्हा सुई लावायला आलेल्यांनी झटापट बघून 'सकाळी बघू' म्हणून सोडून दिलं. रक्तदाबाचा पट्टा फुगू लागताच तो ओढून काढत होता, म्हणून तीननंतर रक्तदाबाची नोंदच नाही. चार्टवर रकाने रिकामे, आणि फाइलमध्ये एक ओळ : 'पेशंट सहकार्य करत नाही.'

ही ओळ घातक आहे. पुढच्या पाळीची सिस्टर आधी ती वाचते आणि मग रुग्णाला पाहते. रिकामा रकाना हा खरं तर धोक्याचा इशारा, पण या ओळीमुळे तो रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतो.

धरून सुई लावण्याऐवजी काय करायला हवं होतं, ते साधं आहे आणि त्याला फार वेळही लागत नाही. बहीण त्याच्या शेजारी, बाकी गर्दी बाहेर. एकच माणूस बोलणार. बोलायचं ते असं : 'डाव्या हातात सुई. टोचेल. मग पट्टी. सुई आत राहील, सलाईनसाठी.' 'काही दुखणार नाही' हे वाक्य कधीही नाही. ते एकदा खोटं ठरलं की पुढच्या प्रत्येक सुईला त्याची किंमत मोजावी लागते. विभागातल्या सगळ्यात सराईत हाताला बोलवायचं, आणि एका व्यक्तीला दोनच प्रयत्न. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम औषधाच्या दुकानात मिळतं. ते जाड थर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून साधारण ६० मिनिटं ठेवावं लागतं. दुपारी दोनला हा तास हातात होता. रात्री अकराला नव्हता.

रात्री अकरा वाजता

नऊनंतर तो खाटेच्या कठड्यावर टाचा आपटू लागला. शर्ट वर ओढायचा, पोट कठड्याला दाबायचा, पुन्हा उताणा पडायचा. शेजारच्या खाटेवरच्यांची तक्रार गेली. आरएमओंनी, म्हणजे रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी, फोनवरून हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन कमरेत द्यायला सांगितलं.

बहिणीने ते थांबवलं. तिचं म्हणणं एवढंच : 'हा बेचैन झाला की गुणगुणतो आणि डोलतो. दोन तास गुणगुणणं बंद आहे. हे टाचा आपटणं मी आजवर पाहिलेलं नाही. हा त्याचा नेहमीचा प्रकार नाही. सिस्टर, आधी बीपी बघा.'

संपूर्ण प्रकरणात याहून नेमकं वैद्यकीय निरीक्षण कोणी केलं नाही. ऑटिस्टिक माणसाची बेचैनी पाहताना 'किती बेचैन आहे' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याच्या नेहमीच्या रूपापेक्षा काय वेगळं आहे, हा प्रश्न विचारायचा. नवीन हालचाल, बंद पडलेली जुनी सवय, एकाच जागी दाबणं किंवा मारणं, अचानक आलेली शांतता, या चारही गोष्टी दुसरं काही सिद्ध होईपर्यंत दुखण्याच्या किंवा आजाराच्या मानायच्या. शांततेचं तर विशेष. दंगा करणारा रुग्ण गप्प झाला की वॉर्डाला हायसं वाटतं. डेंग्यूच्या कसोटीच्या काळात ती सुस्ती असू शकते.

सिस्टरने यंत्र बाजूला ठेवून हाताने फुगवायचा पट्टा आणला. बहिणीने दुसरा हात धरला आणि मोठ्याने आकडे मोजले. रक्तदाब १०२/८४, नाडी ११८, हातपाय गार, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ. ताप नाही. वरचा आकडा शंभराच्या वर म्हणून कोणी निर्धास्त झालं असतं. पण दोन आकड्यांमधला फरक १८ होता. २० किंवा त्याहून कमी फरक म्हणजे शॉकची, शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याची, सुरुवात. शरीर अजून तोल सावरून धरत असतं, पण फार काळ धरू शकत नाही. तातडीने काढलेलं हिमॅटोक्रिट ५० आलं, म्हणजे मूळ ४१ पेक्षा २० टक्क्यांहून जास्त.

आता थांबायला वेळ नव्हता. भूलतज्ज्ञांना बोलावून डाव्या बाहूत २० नंबरची, गुलाबी टोपीची सुई एकाच प्रयत्नात बसवली गेली. ५ ते १० मिलिलिटर प्रतिकिलो प्रतितास या हिशेबाने ६० किलोच्या रुग्णाला पहिल्या तासात ३०० ते ६०० मिलिलिटर द्रव जातो. इथे ४०० दिलं. तासाभरात नाडी ९६ वर आली, फरक ३० झाला, आणि पहाटे दोनच्या सुमारास गुणगुणणं पुन्हा सुरू झालं. बहिणीने ते सिस्टरला सांगितलं आणि सिस्टरने चार्टवर लिहिलं. ही नोंद नाडीच्या नोंदीइतकीच महत्त्वाची होती.

ते कमरेतलं इंजेक्शन गेलं असतं तर? प्लेटलेट इतक्या कमी असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साचतं. रिस्पेरिडोन आधीच चालू आहे, त्यात त्याच जातीचं दुसरं औषध. दोन्ही रक्तदाब उतरवू शकतात, आणि तो उतरण्याच्या बेतातच होता. शिवाय झोप आल्यावर 'अस्वस्थता' ही एकमेव दिसणारी खूणही गेली असती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे २०१६ मध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा, त्याने आणि आई-वडिलांनी नको सांगितलेलं असताना दिलेल्या ओलांझापीन या त्याच जातीच्या औषधाच्या परिणामाने गेला. त्यानंतर तिथे २०२२ च्या कायद्याने आरोग्यसेवकांना ऑटिझमबद्दलचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. शांत करणारं औषध कधीच द्यायचं नाही, असं कोणी म्हणत नाही. पण ते देण्याआधी रक्तदाब, साखर, ऑक्सिजन, लघवी आणि पोट या पाच गोष्टी तपासलेल्या असल्याच पाहिजेत.

औषधांची यादी

घरच्या गोळ्यांची पाकिटं सोबत हवीत, नुसती नावं आठवून चालत नाही. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. रिस्पेरिडोन घेणाऱ्याला त्याने मान वाकडी होणं, जबडा आवळणं, डोळे वर फिरणं असे स्नायूंचे झटके येण्याचा धोका वाढतो, आणि ऑटिस्टिक रुग्णात तेही 'काहीतरी करतोय' म्हणून दुर्लक्षिले जातात. ऑनडॅनसेट्रॉन हा पर्याय आहे, मात्र तोही ईसीजी पाहून. फिटसाठी सोडियम व्हॅलप्रोएट चालू असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं, कारण त्याने स्वतःहूनच प्लेटलेट कमी होऊ शकतात. मात्र घाबरून घरच्या घरी बंद करायचं नाही, फिट उसळतात.

एक पान

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडच्या आधी घरच्यांनी एक पान लिहून त्याच्या तीन प्रती काढल्या : एक फाइलच्या पहिल्या पानावर, एक खाटेच्या डोक्याशी, एक सोबत बसणाऱ्याच्या हातात. परदेशात याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात आणि तिथे त्याचे छापील नमुने असतात. आपल्याकडे कुठल्या नमुन्यावाचून अडत नाही. मजकूर त्याच्याच आवाजात, त्याला वाचून दाखवून, त्याने 'हो' म्हटल्यावर :

'मी ऑटिस्टिक आहे. मला ऐकू येतं आणि समजतं. ताण आला की मी बोलत नाही, फोनवर लिहितो. उजवा हात मोकळा ठेवा. हात लावण्याआधी सांगा, मग पाच मोजेपर्यंत थांबा. एका वेळी एकच जण बोला. मी गुणगुणत आणि डोलत असेन तर मी ठीक आहे. गुणगुणणं बंद झालं, टाचा आपटल्या, पोट दाबलं तर मला काहीतरी होतंय, बीपी बघा. नेहमीचं हिमॅटोक्रिट ४१. रात्री रिस्पेरिडोन १ मिलिग्रॅम.'

एवढंच. निदानाचा इतिहास, बुद्ध्यांक, थेरपीची प्रगती यातलं काही नाही. चार पानी माहिती आरएमओ वाचत नाहीत. रात्रपाळीला वीस खाटांमागे दोन सिस्टर असतील तर त्यांच्याकडूनही ती अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न कसे विचारायचे हेही पानाच्या मागे लिहिलं होतं. 'पोट दुखतंय का नाही?' असं विचारलं की तो शेवटचा शब्द उचलतो आणि 'नाही' म्हणतो. पहिल्या संध्याकाळी तीन वेळा हेच उत्तर फाइलमध्ये चढलं होतं. शून्य ते दहाचा वेदनेचा आकडाही त्याच्याकडून येत नाही, आला तरी रोज सातच येतो. त्याऐवजी माणसाचं रेखाचित्र दाखवून 'कुठे?', आणि मग 'सकाळपेक्षा जास्त, तेवढंच, कमी' असे तीन शब्द लिहून बोट ठेवायला सांगायचं. उत्तरासाठी पुरता अर्धा मिनिट द्यायचा. बहुतेक लोक चौथ्या सेकंदाला प्रश्न बदलून विचारतात, आणि त्याला पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

कशासाठी हट्ट धरायचा, काय सोडायचं

कसोटीच्या काळात काही गोष्टी टाळता येत नाहीत : तासा-तासाला नाडी आणि रक्तदाब, दर चार-सहा तासांनी हिमॅटोक्रिट, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी. रुग्णाची सहनशक्ती मर्यादित असते, म्हणून ती एवढ्यावरच खर्च व्हायला हवी. बाकी सगळं सोडून द्यावं. रुग्णालयाचा गाऊन नको, घरचा जुना सुती शर्ट चालतो. रोजची स्पंजिंग नको. मनगटाला टोचणारा नावाचा पट्टा पायाला बांधता येतो. सकाळी सहाला चादर बदलायला येणाऱ्या मावशींना आठला यायला सांगता येतं.

रक्तदाबाचं यंत्र पहिल्या फटक्यात १६०-१८० पर्यंत फुगतं, आणि हलल्यामुळे मोजमाप चुकलं की पुन्हा फुगतं. दुसऱ्यांदा फुगलेला पट्टाच बहुतेक वेळा ओढून काढला जातो. हाताने फुगवताना मागच्या वरच्या आकड्यापेक्षा २०-३० जास्त इतकंच पुरतं. पातळ बाहीवरून चालतं. पट्टा दर वेळी काढून ठेवायचा, दंडावर लटकता ठेवायचा नाही.

रक्त काढण्याचं वेळापत्रक भिंतीवर लिहिलं : सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२. यकृताच्या आणि क्षारांच्या चाचण्या सकाळच्याच सुईत उरकायच्या, जांभळ्या झाकणाची नळी भरून झाल्यावर 'अजून एक राहिली' म्हणत परत यायचं नाही. इथे एक मोह होतो : सलाईन लावलेल्या सुईतूनच रक्त घ्यावं, टोचणं वाचेल. सलाईन चालू असलेल्या हातातलं रक्त पातळ येतं, हिमॅटोक्रिट खोटं खाली दिसतं, आणि नेमका तोच आकडा या घडीला सगळ्यात मोलाचा. म्हणून दुसऱ्याच हातातून, फुलपाखरी सुईने, तासभर आधी मलम लावून. उजवा हात मोकळा ठेवायचा असल्याने रक्त कोपराच्या आतल्या बाजूने घेतलं, वर साधा कापूस आणि दहा मिनिटं घट्ट दाब. चिकटपट्टी नाही, ती सोलताना होणारा त्रास त्याला सुईपेक्षा जास्त असतो.

डाव्या हातावरची पट्टी पारदर्शक ठेवली, म्हणजे सूज-लाली दिसते. तिच्यावर जुन्या मोज्याचा पंजा कापून केलेली बाही चढवली. नजरेआड गेली की सुई उपटण्याची ओढ बरीच कमी होते. सिस्टरला पाहायचं असेल तेव्हा बाही गुंडाळून वर घ्यायची.

लघवी मोजायला यूरिन पॉट दिला होता, त्यात त्याला होईना. बाथरूममध्येच जायची सवय, ती अशा वेळी बदलत नाही. मग आकडे छापलेला एक लिटरचा प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवला. अर्धा मिलिलिटर प्रतिकिलो प्रतितास, म्हणजे ६० किलोला सहा तासांत किमान १८०. त्या आकड्यावर मगला लाल रेघ मारली. कमी भरलं की सिस्टरला कळवायचं, एवढंच सोबतच्या माणसाचं काम.

ओआरएसचं पाकीट अख्खं एक लिटरमध्ये, अर्धं अर्धं करून नाही. संत्र्याच्या चवीचं त्याने थुंकलं. बिनचवीचं, गार करून, त्याच्या रोजच्या बाटलीत दिल्यावर दर पंधरा मिनिटांना दोन-तीन घोट गेले. बीट, डाळिंब, लाल सरबत दिलं नाही, कारण उलटीत रक्त आहे की रंग हे ओळखता येत नाही. ट्रेमधली मऊ खिचडी तशीच परत जात होती, घरून वरण आणि भात वेगळ्या डब्यांत आल्यावर चार घास गेले.

आणि पपईच्या पानांचा रस. भेटायला येणारा प्रत्येक जण तो सुचवतो, कोणी बाटलीत भरूनच आणतो. चव आणि वासाला इतका हळवा असलेला माणूस हा कडू रस ओकून टाकतो, सोबत तासाभरात पोटात गेलेलं पाणीही जातं. प्लेटलेटच्या आकड्याभोवती घरच्यांचा जीव घुटमळतो हे समजण्यासारखं आहे, पण रक्तस्राव नसताना आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवतही नाहीत. या रुग्णाचा आकडा सहाव्या दिवशी २८ हजारांवर आला आणि न चढवता वर गेला. या काळात जपायचं होतं ते डोकं. तो कधी कधी कपाळ भिंतीवर आपटतो, आणि एवढ्या कमी प्लेटलेटमध्ये त्या आपटण्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कठड्यांना रजया गुंडाळल्या, खाट भिंतीपासून दोन फूट ओढली. चघळायची रबरी नळी दिवसातून दोनदा धुऊन तिच्यावर आणि हिरड्यांवर रक्त आहे का ते पाहिलं.

डास चावून आजार पसरू नये म्हणून डेंग्यूच्या रुग्णाला मच्छरदाणी देतात. इथे तिचा दुसरा उपयोग झाला. चारही बाजूंनी पडदा पडल्यावर वॉर्डातली ये-जा धूसर झाली, आणि पहिल्यांदाच तो सलग तीन तास झोपला. डोळ्यांवरचा ट्यूबलाइट बंद करून मागचा एक दिवा ठेवला. सलाईनच्या पंपाचा अलार्म वाजला की पहिल्या मिनिटात बंद कसा करायचा आणि सिस्टरला हाक कशी द्यायची, हे सोबतच्या माणसाने शिकून घेतलं.

सोबत कोण, सही कोणाची

आयसीयूत नातेवाईक चालत नाहीत, असं सांगितलं गेलं. वाद न घालता मागणी लेखी दिली : सोबतचा माणूस हा भेटायला आलेला पाहुणा नाही, तो रुग्णाच्या संवादाचं साधन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ऑटिझम हे २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. त्याचं कलम २५ सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारात प्राधान्य यांची व्यवस्था करायला सरकारला सांगतं. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडली. एक माणूस, आठ-आठ तासांच्या पाळीने, मास्क घालून, इतकं मान्य झालं. पाळी बदलताना तिघांनी एकाच वहीत लिहायचं, नाहीतर रात्री काय वेगळं दिसलं हे सकाळच्या माणसाला कळत नाही.

सहीचा घोळ नेहमीचा. वय २३, म्हणजे संमती त्याची. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. जीव वाचवण्याचे उपचार त्यासाठी अडत नाहीत. पण बाकीच्या प्रत्येक गोष्टीत आधी त्याला दाखवायचं, त्याच्याकडून लिहून घ्यायचं, आणि मग घरच्यांची सही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा विमा आहे. पैसे आधी भरून नंतर परत मिळतात, म्हणून प्रत्येक बिलाची आणि रिपोर्टची मूळ प्रत जपून ठेवावी लागते.

घरी

४८ तासांनंतर झिरपलेला द्रव रक्तात परत येतो. तेव्हा सलाईन चालू राहिलं तर फुप्फुसांवर ताण पडतो, म्हणून ते वेळेवर बंद झालं. याच सुमारास अंगावर लाल पुरळ आणि तळहात-तळपायांना असह्य खाज येते. बरं होण्याचं लक्षण आहे, पण स्पर्शाला हळव्या माणसासाठी सुईइतकंच जड. गार ओल्या पंच्याने पुसणं, कॅलामाइन, कापलेली नखं, आणि हे दोन-तीन दिवसांत जाईल असं लिहून भिंतीवर लावणं.

डिस्चार्जच्या दिवशी जवळपास सगळ्यांकडून एक गोष्ट निसटते. सकाळी नऊला डॉक्टर म्हणतात 'आज घरी', आणि टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीची) मंजुरी, औषधांचा परतावा, अंतिम बिल होता होता संध्याकाळचे सात वाजतात. दहा तास 'आता निघायचं' या अवस्थेत बसवलेला ऑटिस्टिक माणूस कोसळतो, आणि पाच दिवसांत कमावलेला विश्वास दारातच सांडतो. इथे त्याला असं लिहून दिलं : 'डॉक्टर हो म्हणाले. कागद बाकी. किती वाजता, माहीत नाही. कागद झाले की आई हिरवं कार्ड दाखवेल. मग सुई निघेल. मग रिक्षा.' कपडे आणि पिशवी कार्ड दाखवेपर्यंत कपाटातच.

पुढचे तीन आठवडे बोलणं कमी झालं, झोप उलटीपालटी झाली, दार वाजलं की तो हात पाठीमागे लपवायचा. अशा आजारानंतर असं होतं आणि बहुतेकदा भरून येतं. या काळात थेरपीचे तास वाढवू नयेत, उलट कमी करावेत. दोन दिवसांनी करायची रक्ततपासणी घरीच, दुपारच्या ठरलेल्या वेळी, मलम लावून झाली. रक्त घ्यायला येणाऱ्यालाही तेच पान आधी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग पुढे कधी झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणून पानाच्या शेवटी तीन ओळी वाढवल्या : डेंग्यू झाल्याचा महिना आणि वर्ष, सगळ्यात कमी प्लेटलेट २८ हजार, आणि ताप उतरला त्या रात्री शॉकची सुरुवात. शिवाय घरच्यांसाठी एक वेगळी सूचना फ्रिजवर लावली : पावसाळ्यात ताप आला तर पहिल्या दिवसापासून दर दोन तासांनी २५० मिलिलिटर पाणी, गजर लावून, वहीत खूण करून.